येवलेकर म्हणजे तात्या टोप्यांचे वंशज नव्हेत!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत आडनावांवर जो लेख आला होता त्याबद्दल लिहितोय. लेख छान होता, वाचायला मजा आली, फोटोही चांगले होते, पण त्यात शेवटी जी चौकट दिलीय ना, कुठलं आडनाव कुठल्या घराण्याचं, त्यात 'येवलेकर : सेनापती तात्या टोपे यांचं घराणं' असं एका ओळीत ठोकून दिलंय. आता मी येवलेकर. आणि ती ओळ छापून आली त्या दिवशी सकाळी साडेसातला माझ्या काकांनी (वय ८७) मला फोन करून झोपेतून उठवलं आणि म्हणाले, बघ, आता पेपरात पण आलं, आता बोल! म्हणून बोलतोय.

आमच्या घरात ही टोप्यांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. तात्या टोपे मूळचे रामचंद्र पांडुरंग येवलेकर, आपण पण येवलेकर, दोघांचं गाव येवला, झालं, नातं पक्कं. काका तर लग्नाकार्यात नव्या व्याह्यांना ओळख करून देतानाच सांगायचे. आमची आजी सांगायची की तिच्या सासऱ्यांचे म्हणजे माझ्या पणजोबांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे, कितीही घासले तरी जायचं नाही, आणि काकांनी त्यावरही तोडगा काढला होता, ते म्हणायचे तो दारूगोळ्याचा रंग, पिढ्यानपिढ्या तोफखान्यात काम केलेलं घराणं आहे आपलं. आता पणजोबांचा जन्म साधारण १८८२ चा, तात्या टोप्यांना शिवपुरीला फाशी दिली १८ एप्रिल १८५९ ला, मधल्या काळात हा दारूगोळा कुणी आणि कुठे उडवला हे विचारायची आमच्याकडे कुणाची टाप नव्हती.

मी प्रेसमधून (म्हणजे नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून) रिटायर झालो २०२१ ला. त्याच्या दोन वर्षं आधी आई गेली, तेव्हा अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो. विधी झाल्यावर गुरुजींनी विचारलं, गाव कोणतं, आडनाव काय, जात कोणती, तुमचे उपाध्ये कोण? मी म्हटलं मला काय माहीत, मी पंचवटीतच राहतो, गाव नाशिकच. ते हसले, म्हणाले इथं नाशिककरांचीच पंचाईत होते, बाहेरून येणाऱ्याला आपलं गाव पाठ असतं. हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते रिटायर झाल्यावर बाहेर आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नाशिक आणि त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांकडे पिढ्यानपिढ्यांच्या चोपड्या असतात. बाहेरगावचा माणूस अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला नाहीतर श्राद्धाला आला की त्याच्याकडून त्याचं, बापाचं, आज्याचं, भावांचं, पोरांचं नाव विचारून चोपडीत उतरवतात आणि खाली त्याची सही घेतात. पुढच्या वेळी त्याचा मुलगा आला की मागचं पान काढून वाचून दाखवायचं आणि पुढची नावं वाढवायची. प्रत्येक उपाध्यायाकडं गावं आणि घराणी वाटून दिलेली, त्यामुळे तुम्ही भलत्याच गुरुजींकडे गेलात तर तेच सांगतात की तुमचं पान माझ्याकडे नाही, अमक्यांच्या वाड्यात जा.

तर मी गेलो आणि सरळ 'येवलेकर' विचारलं. इथंच माझी पहिली चूक. येवलेकर निघाले, पण ते आमचे नव्हते, भलतीच जात, भलतीच नावं. काकांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते तेच आपले! दोन गुरुजींकडे हीच तऱ्हा झाली. तिसऱ्या ठिकाणी एक वयस्कर गुरुजी होते, त्यांनी मला खाली बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, अहो तुम्ही आडनाव घेऊन काय फिरताय, येवल्यात राहणाऱ्याला येवलेकर कोण म्हणेल? सगळेच येवल्याचे!

संपादक साहेब, इतकी साधी गोष्ट, पण साठ वर्षं मला सुचली नव्हती. सिन्नरमध्ये कुणाला सिन्नरकर म्हणायचं कारणच काय, आख्खं गावच सिन्नरकर. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक विचारतात कुठला रे तू, आणि तो जे सांगतो ते त्याला चिकटतं. तात्या टोप्यांचंही तेच असणार, त्यांचे वडील दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते आणि १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर बाजीरावाबरोबर ती मंडळी गंगेकाठी ब्रह्मावर्ताला (बिठूरला) गेली, आता गंगेकाठी येवल्याचा माणूस येवलेकर होणार नाहीतर काय. आणि पुढे तर तेही मागे पडून टोपे राहिलं, ते टोपीवरून की तोफेवरून ह्याच्यावर आजही दोन तट आहेत. म्हणजे ज्या माणसाच्या आडनावावरून आम्ही नातं लावत होतो त्याचं स्वतःचंच आडनाव धड एका पिढीला टिकलं नाही!

(आता लगेच कुणीतरी पत्र पाठवेल की 'कर' म्हणजे गाव सोडलेलाच असं नाही. बरोबर आहे. जहागीर मिळाली म्हणूनही कर लागायचं. नाशिकहून येवल्याला जाताना निफाडच्या पुढं विंचूर लागतं, तिथले सरदार विंचूरकर हे मूळचे दाणी, विठ्ठल शिवदेवांना विंचूर मिळालं आणि घराणं विंचूरकर झालं. काळाराम मंदिर बांधणारे सरदार रंगराव ओढेकर, आणि ओढा गाव तर आपल्या नाशिकरोडच्या पलीकडं. रामकुंडाजवळ ज्यांचं देऊळ आणि घंटा प्रसिद्ध आहे त्या नारोशंकरांची तर पदवीच, राजेबहाद्दर, पुढच्यांचं आडनाव होऊन बसली. पण ही सरदार माणसं. तुमच्याआमच्यासारख्यांचं 'कर' हे बहुतेक वेळा पोटापाण्यासाठी गाव सोडल्याचं असतं, जहागिरीचं नाही. फॉरवर्डवर मात्र प्रत्येकाचं आडनाव शेवटी जाऊन सूर्यवंशाला नाहीतर एखाद्या किल्ल्याला टेकतं, मध्ये कुणी कुंभार, कुणी हमाल, कुणी कर्जापायी रातोरात पळालेला नाहीच.)

असो. गुरुजी म्हणाले तुमचा धंदा काय होता? मी म्हटलं वडील प्रेसमध्ये, मी प्रेसमध्ये. ते म्हणाले प्रेस तर इंग्रजांनी आणला हो, त्याच्या आधी? मला सांगता येईना. मला फक्त निळे हात माहीत होते.

मग मी उलट्या बाजूनं सुरू केलं, म्हणजे आपल्यापासून मागं. वडिलांचा शाळेचा दाखला घरात होता, जन्मतारीख १ जून. काकांचीही १ जून, दोघांत बरोब्बर दोन वर्षांचं अंतर, आजीनं दोघांनाही एकाच मुहूर्तावर जन्म दिलेला दिसतोय. (महाराष्ट्रातली निम्मी म्हातारी माणसं १ जूनला जन्मलीत, शाळामास्तरांची कृपा.) आजोबांचा दाखला नव्हता. ते जुन्या नाशकातल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत होते एवढं काकांना माहीत होतं. शाळा आता नाही, तिचं रेकॉर्ड दुसऱ्या शाळेत गेलेलं, तिथून तिसऱ्या, मला चार महिने लागले. एका ठिकाणी तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर, मग ते इलेक्शन ड्युटीवर, मग कपाटच नव्या खोलीत हलवलं आणि किल्ली जुन्या खोलीच्या खिळ्याला. मी नाव घेत नाही, नाव घेऊन काय उपयोग, सगळीकडे हेच. आणि २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यापासून जुन्या दप्तरावर लोकांची जी झुंबड उडालीय त्यामुळे मी काउंटरवर उभा राहिलो की पहिला प्रश्न, जातीचा दाखला काढायचाय का, १९६७ च्या आधीचं पाहिजे का? मी म्हणायचो नाही हो, मला फक्त पणजोबा पाहिजेत. ह्यावर त्या बाई माझ्याकडे अशा बघायच्या की ह्याला घरी कुणी नाही का!

पण जनरल रजिस्टर (शाळेत घातलेल्या पोरांची नोंदवही) मिळालं. आणि त्यात जे मिळालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. १९१४ साली आमचे थोरले चुलत आजोबा, म्हणजे आजोबांचे मोठे भाऊ, शाळेत घातलेले. आडनावाच्या रकान्यात 'रंगारी'. १९१७ साली आजोबा घातले, बापाचं नाव तेच, राहण्याचं ठिकाण तेच, जन्मगाव येवलें, अनुस्वारासकट, आणि आडनाव 'येवलेकर'. अक्षर वेगळं, शाई वेगळी. एका मास्तरनं धंदा विचारला असेल, दुसऱ्यानं गाव विचारलं असेल. सख्खे भाऊ, एकाच घरात झोपणारे, एक रंगारी आणि एक येवलेकर. थोरले पुढं लवकर गेले, त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून मास्तरांच्या पेनातून उतरलेलं येवलेकर तेवढं उरलं. म्हणजे आमच्या ह्या घराण्याचा इतिहास १९१७ पासून सुरू होतो. काकांना फोटो दाखवला तर म्हणाले मास्तरची चूक असेल. मी म्हटलं कुठली, पहिली का दुसरी? फोन कट.

मग निळे हात एकदम कळले. नीळ! रंगारी म्हणजे कपडा, सूत रंगवणारा, येवला तर पैठणीचं गाव, विणकर आले म्हणजे सूत आणि रेशीम रंगवणारेही आले. आजीच्या बोलण्यात नांद (रंगाचं मोठं भांडं) हा शब्द यायचा, नांदेत बुडवून काढायचे म्हणायची, आम्ही समजायचो अंघोळीबद्दल बोलतेय. आणि येवला का सोडलं असेल ह्याचा माझा आपला एक अंदाज आहे, जर्मनीतल्या कारखान्यातली नीळ १८९७ पासून विकायला लागली, डब्यातली, त्यानंतर पिढीजात नीळ लावणाऱ्याला कोण विचारणार. हा अंदाजच हं, कागद नाही माझ्याकडे.

आता पुन्हा रामकुंडावर. ह्या वेळी मी त्याच म्हाताऱ्या गुरुजींना सांगितलं, गाव येवले, धंदा रंगारी, नाव अमुक बिन (म्हणजे मुलगा) अमुक. त्यांनी आतल्या खोलीतून लाल कापडात बांधलेली एक लांबडी चोपडी आणली, वाण्याच्या खतावणीसारखी, उघडली तर कापूर आणि जुन्या कागदाचा वास, कडा खाल्लेल्या, एका पानाला तर कसर लागून मधोमध नकाशासारखं भोक पडलेलं. ते बोट फिरवत गेले आणि एका पानावर थांबले आणि मोठ्यानं वाचायला लागले. माझ्या पणजोबांचं नाव दुसऱ्याच्या तोंडून, तेही शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावरून, ऐकलं आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी उठून उभाच राहिलो. शके १८३२, माघ वद्य. खापरपणजोबांच्या अस्थी घेऊन पणजोबा आणि त्यांची आई आलेले.

शके हा एक वैताग आहे, सांगून ठेवतो. शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल येतं, १८३२ आणि ७८, म्हणजे १९१०. मी तसंच लिहून घेतलं होतं. पण माघ म्हणजे तोवर इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं, तिथं ७९ मिळवायचे, म्हणजे १९११, फेब्रुवारी-मार्च. महसुलाच्या फसली सनात असेल तर ५९० मिळवा. आणि अजून मागं गेलात, पेशवाईच्या कागदांपर्यंत, तर तिथं सालच अरबी शब्दांत लिहिलेलं असतं, मया व अलफ म्हणजे अकराशे, ते तर माझ्या डोक्यावरून जातं.

पान मोडी लिपीत होतं. गुरुजींना जितकं लागलं तितकं त्यांनी वाचलं पण एका शब्दावर अडले, नावाच्या पुढं 'रंगारी'च्या आधी काहीतरी होतं. मी मोबाईलवर फोटो काढला (त्यांना विचारून, आणि दक्षिणा खुशीनं दिली, कुणी मागितली नाही) आणि पैसे देऊन एकाकडून वाचून घेतला. त्यांनी वाचलं 'पाटणकर'. मी घरच्या ग्रुपवर टाकलं, आणि पंधरा मिनिटांत काकांनी पाटणच्या सरदारांशी आमचं नातं जुळवून टाकलं, तात्या टोपे तात्पुरते बाजूला! आठवडाभर आम्ही पाटणकर होतो. मला खटकत होतं की सरदाराचा मुलगा नीळ कशाला लावेल, म्हणून दुसऱ्या एका जाणकाराला दाखवलं. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ मारून घ्यायची आणि खाली अक्षरं लोंबकळत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ एकच, त्यात लिहिणाऱ्याचा हात भरभर. त्यांनी भिंग लावून बघितलं, त्याच पानावरचे दुसरे ट आणि ठ शोधून काढले, शेजारी ठेवले, आणि सांगितलं 'पैठणकर' आहे. पैठणकर रंगारी, मुक्काम येवले.

बघा आता. नाशकात येवलेकर, येवल्यात पैठणकर. आणि पैठणात कोण होतो? पैठणात पैठणकर नक्की नव्हतो! तिथं आणखी कुठल्यातरी गावाचे कर असू नाहीतर नुसतेच रंगारी. म्हणजे आडनाव धरून मागं गेलं की ते फक्त मागच्या स्टँडपर्यंत सोडतं, पुढची गाडी दुसरी पकडायची. आमच्याकडे त्याच्याही मागचं एकच आहे, कुलदैवत, मोहट्याची देवी, पाथर्डीच्या तिकडे. तीन आडनावं बदलली पण आजी दर वर्षी मोहट्याच्या नावानं नारळ काढून ठेवायची ते काही कुठल्या मास्तरला बदलता आलं नाही.

आणि आता मुख्य गोष्ट, जी मी अजून ग्रुपवर टाकलेली नाही, पेपरात टाकतोय. त्याच पानावर खापरपणजोबांच्या भावाचं नाव होतं, मुक्काम मालेगाव. गुरुजींनी मालेगावचं पान काढलं तर ती शाखा पुढं चालूच, १९५६ साली कुणी येऊन गेलेलं, बाळबोधीत (म्हणजे आपल्या देवनागरीत) स्वच्छ लिहिलेलं, आडनाव रंगारी, खाली मुलांची नावं. त्यातली दोन नावं मला ओळखीची वाटली. घरी येऊन बहिणीला फोन केला, तिनं लगेच सांगितलं. १९८८ साली तिला मालेगावचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, नोकरीला, माणसं साधी, येताना शेव आणि पेढे घेऊन आलेली. आणि काकांनी ते स्थळ मोडलं होतं, काय म्हणून तर, आपण टोप्यांच्या घरातले, रंगाऱ्यांकडे मुलगी द्यायची? आजी तेव्हा होती. ती हळूच म्हणालेली मला आठवतंय, अरे ह्यांचं पण कुलदैवत मोहट्याची देवी आहे, देवक विचारा. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथल्या तिथं कळलं असतं की ही आपलीच भाऊबंद. लग्न तर तेव्हाही झालं नसतं, एका कुळातली म्हणून, पण निदान पेढे खाऊन, गळ्यात पडून, चुलत म्हणून ओळख ठेवून परत गेली असती. गेली ती मान खाली घालून. बहीण फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, त्या मावशींनी मला जाताना ब्लाउजपीस दिला होता, निळा.

तुमच्या लेखात आडनावांचे अर्थ सांगितलेत, ते चूक नाहीत. चिटणीस म्हणजे चिठ्ठ्या लिहिणारा, पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा, सगळं खरं. पण आडनावाचा अर्थ कळणं आणि आपलं घराणं कळणं ह्यात फार अंतर आहे हो. आपल्या कुसुमाग्रजांचंच घ्या, शिरवाडकर म्हणजे निफाड तालुक्यातलं शिरवाडे, हे बरोबर, पण त्यांचा जन्म पुण्याचा आणि पाळण्यातलं नाव गजानन रंगनाथ, काकांना दत्तक गेले म्हणून विष्णू वामन झाले. शंभर वर्षांनी कुणी नुसता दाखला धरून वर चढायला लागला तर भलत्याच फांदीवर जाऊन बसेल. आमच्याच पानावर एका मुलाच्या नावापुढं 'दत्तक दिल्हा' एवढंच लिहिलंय, कुणाला, कुठं, काही नाही. तो पोरगा गेला तो गेलाच.

आणि प्रत्येकाचं पान रामकुंडावर मिळेलच असंही नाही. माझा प्रेसमधला एक मित्र, सिन्नरकडचा, माझं बघून तोही शोधायला लागला. त्याच्या घरात सांगतात की त्यांचे आजोबा काळारामाच्या सत्याग्रहाला होते, २ मार्च १९३० ला जो सुरू झाला तो. तो मला म्हणाला, ज्या देवळाच्या दारात आम्हाला उभं करत नव्हते त्याच्याच खालच्या घाटावर माझ्या आज्याची वंशावळ कोण लिहून ठेवेल? मला काही उत्तर देता आलं नाही. त्याला त्याचा पणजोबा मिळाला तो तहसिलीच्या रेकॉर्डरूममध्ये, कोतवाल बुकात. कोतवालानं गावातले जन्म आणि मृत्यू लिहायचं ते बुक. त्यात नाव, बापाचं नाव, जात, तारीख, आडनावच नाही. तो म्हणाला बरं झालं, बापाचं नाव आहे ना, मला तेवढं पुरे.

एक राहिलं. चोपडीत पोरींची नावं नाहीत. चार पिढ्यांचे मुलगे ओळीनं उभे, मुलगी एक नाही, सुना नाहीत, आमची आजी जिच्यामुळे मला नीळही कळली आणि नांदही कळली आणि देवकसुद्धा जिला सुचलं, ती कुठंच नाही. फक्त शके १८३२ च्या त्या नोंदीखाली, पणजोबांच्या शेजारी, एका बाईचं नाव आहे, 'कोम' म्हणजे बायको, अमक्याची बायको असं. तिला लिहिता येत नव्हतं. जुन्या कागदात शेतकरी सहीच्या जागी नांगर काढायचा आणि बाई बांगडी. तशी तिच्या नावापुढं एक बांगडी काढलीय. गोल नीट मिटलेला नाही, सुरू केला तिथं शाईचा ठिपका मोठा पडलाय आणि शेवटाला हात थरथरल्यासारखी रेघ बाहेर गेलीय. नवऱ्याच्या अस्थी नुकत्याच सोडून आली होती ती. मी त्या बांगडीचा फोटो मोठा करून घेतलाय.

मी गुरुजींना विचारलं, आता नवीन नोंद करताना बायकांची नावं घातली तर चालतील का. ते म्हणाले न चालायला काय झालं, कुणी सांगतच नाही, आम्ही विचारलं तरी म्हणतात मुलांची लिहा. मग मी आईच्या नावापासून सुरू करून बहीण, दोन्ही मुली, सून, सगळ्यांची लिहून घेतली आणि आजीचंही, माहेरच्या गावासकट, मागं जाऊन. अर्धं पान भरलं. सिंहस्थ येतोय, लाखो लोक येतील, घाट आणि रस्त्यांसाठी कोटींचे आकडे रोज तुमच्याच पेपरात वाचतो, त्यातला एखादा कोपरा ह्या चोपड्यांसाठी निघाला, म्हणजे गुरुजींच्या परवानगीनं नीट स्कॅन करून ठेवणं, कसर लागणार नाही अशी पेटी देणं, एवढं जरी झालं तरी पुष्कळ. चोपड्या त्यांच्या घरच्या आहेत, त्यांनीच सांभाळल्यात, काढून घ्या असं मी म्हणत नाही, उलट कुणी काढून घेतल्या तर त्याच खोलीत जातील जिची किल्ली खिळ्याला आहे.

आणि तुमच्या वाचकांना शोधायचं असेल तर माझ्यासारखं आडनाव घेऊन जाऊ नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी बसवून विचारा, कुलदैवत कुठलं, देवक काय, पणजोबा काय काम करायचे, लग्नाला कुठकुठल्या गावाहून माणसं यायची, आणि ती जे सांगेल ते मूर्खपणाचं वाटलं तरी लिहून घ्या, निळ्या हातासकट. मी आजी असताना नाही विचारलं.

तर संपादक साहेब, पुढच्या अंकात शक्य झालं तर ती चौकट दुरुस्त करा. तात्या टोपे येवल्याचे होते, त्यांचा आम्हाला अभिमान आहे, पण येवला सोडून गेलेला प्रत्येक माणूस त्यांचा नातेवाईक नाही. मालेगावच्या रंगारी मंडळींना मी पत्र लिहिलंय, जुन्या पत्त्यावर, अजून उत्तर नाही. पुढच्या महिन्यात बहिणीला घेऊन जाणार आहे, पेढे आम्ही नेऊ.

काकांना मी हे पत्र छापून यायच्या आधी वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, रंगारी तर रंगारी, पण तात्यांच्या सैन्याचे झेंडे कुणी रंगवले असतील? आमच्या ग्रुपचं नाव 'टोपे परिवार नाशिक' आहे, ॲडमिन काका आहेत.

आपला,
सध्या तरी येवलेकर,
पंचवटी, नाशिक